पुढचं बाईंकडून

कवळीमास्तर बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे कधीच बघायचे नाहीत. त्यांची नजर सरळ समोरच्याच्या ओठांवर. आपण बोलायला तोंड उघडलं की हे आत डोकावणार, आणि आपलं वाक्य संपायच्या आत ह्यांचे आपले दात मोजून झालेले असणार. मुरबाडच्या बाजारात भाजीवाल्या बायका सुरुवातीला पदर सावरायच्या आणि दोन शब्द सुनवायच्या. पुढे सगळ्यांना कळलं, की ह्या माणसाला बाईमाणूस-पुरुषमाणूस काही दिसतच नाही, दाढा तेवढ्या दिसतात. मला पहिल्या भेटीत ते म्हणाले होते, "बाई, डावीकडनं चावत नाय तुमी. दाखवा कुणाला तरी." मी दातांची डॉक्टर, नव्या कोऱ्या दवाखान्यात नव्या कोऱ्या खुर्चीशेजारी उभी. पाटी लागून आठवडासुद्धा झाला नव्हता.

ही नव्वदनंतरची गोष्ट. मी मूळची सापगावची. शिकून आले आणि शहापूरला एसटी स्टँडाजवळ दोन खोल्यांत दवाखाना थाटला. लोकांची समजूत असते, की कवळी डॉक्टर बनवतो. डॉक्टर फक्त तोंडाचं माप घेतो. पुढचं सगळं, म्हणजे प्लास्टरचा साचा, मेणात दात मांडणं, शिजवणं, घासणं, चकाकी आणणं, हे दुसऱ्याच माणसाचं काम. तो माणूस पेशंटला कधी दिसत नाही. आमच्याकडे तो माणूस म्हणजे मास्तर. मुंबईला सरकारी कॉलेजात दोन वर्षांचा कोर्स करून, रीतसर नोंदणी करून ते परत मुरबाडला आले होते. स्टँडामागे एका भांड्यांच्या दुकानाच्या पाठच्या खोलीत त्यांची लॅब. गॅसची शेगडी, दोन काळी पातेली, प्लास्टरची गोणी आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेला नोंदणीचा दाखला. नखांत कायम गुलाबी मेण. जेवताना ते काडीने कोरून काढत आणि परत डबीत ठेवत.

दर मंगळवारी ते किन्हवलीवरून येणाऱ्या एसटीने शहापूरला यायचे. त्या दिवशी ट्रायल असायची, म्हणजे मेणात मांडलेले दात पेशंटच्या तोंडात बसवून बघायचे. दुसऱ्या लॅबवाले कुरियरने डबा पाठवून मोकळे होतात. मास्तर स्वतः डबा मांडीवर घेऊन यायचे, फळीवर कधी ठेवायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "मास्तर, कशाला हेलपाटा? पाठवून द्या, मी बघते." तर म्हणाले, "माप तुमचं बाई, पण तोंड त्याचं. मला त्या तोंडाला विचारायचं हाय." दुसऱ्या पिशवीत तांदळाची भाकरी असायची. ती त्यांच्यासाठी नाही. कवळी तयार होऊन आली, की पेशंटला समोर बसवून ते भाकरीचा तुकडा खायला लावायचे, आणि स्वतःच्या गालावर हात ठेवून शिक्षकासारखे बघत राहायचे. म्हणून ते मास्तर. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं.

ट्रायलला त्यांची एक रीत होती. "घरात जास्तीत जास्त हाक कुणाला मारता? त्याचं नाव घ्या." दात जरा पुढेमागे बसले, की 'स' म्हणताना शिट्टी वाजते, 'फ' म्हणताना वारा जातो. पुस्तकात त्यासाठी आकडे म्हणायला लावा असं लिहिलंय. मास्तरांचं म्हणणं, आकडे माणूस दवाखान्यात म्हणतो, हाक घरी मारतो. एकदा एका म्हाताऱ्याने बराच विचार करून "अगो ए!" अशी हाक मारली. बायकोचं नाव घ्यायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. मास्तर वैतागले. "आजोबा, 'ए'ला दात लागत नाय! मुलाचं घ्या नायतर सासऱ्याचं घ्या, पण कुणाचं तरी नाव घ्या!" बाहेर बाकावर बसलेली म्हातारी पदरात तोंड घालून हसत होती.

असा हा माणूस. आता जे सांगणार आहे त्याचा मला अजून राग येतो. नियमाचा येतो, मास्तरांचा येतो, आणि सगळ्यात जास्त कुणाचा येतो ते पुढे कळेलच.

दोन हजार साल उलटलं आणि नवा नियम आला. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना नुसती फी भरून चालणार नाही. ह्या पाच वर्षांत तुम्ही नवीन काय शिकलात ते दाखवा. ठरावीक तासांचे अभ्यासवर्ग करा, त्यांची प्रमाणपत्रं जोडा. डॉक्टरांनाही आणि मेकॅनिकांनाही, म्हणजे मास्तरांसारख्या कवळ्या करणाऱ्यांनाही. माझ्या ओळखीतल्या सगळ्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. मीही घातल्या. आठवड्याची एक सुट्टी, तीही मुंबईला जाऊन खुर्चीत बसून घालवायची! मास्तर एकटे खूश. "बरं झालं बाई. वीस वर्षं झाली मला कुणी काय शिकवलं नाय. मीच माझा शिकलेला, मीच माझा चुकलेला." त्यांनी लगेच बाजारातून शंभर पानी वही आणली आणि तिला खाकी कव्हर घातलं.

वर्ग असायचे दादरला एका सभागृहात, रविवारी. डॉक्टर आणि मेकॅनिक एकत्र. विषय बहुतेक आमच्या उपयोगाचे नसत. संगणकावर दात कसे कोरतात, परदेशातली भट्टी कशी चालते, हसताना किती हिरडी दिसावी. शहापूर-मुरबाडात भाकरी चावता यावी म्हणून लोक दात बसवतात, हसणं त्यांचं बिनदातांचंही छान असतं. पण मास्तर पहिल्या रांगेत. व्याख्यान इंग्रजीत असलं तर देवनागरीत जसं ऐकू येईल तसं उतरवून घ्यायचे आणि चहाच्या सुट्टीत मला गाठायचे. "ह्याचा अर्थ काय?" मी म्हणायची, "मास्तर, ही भट्टी आपल्याकडे ह्या जन्मात येणार नाही." त्यावर, "नाय येणार. पण उद्या कुणी विचारलंच तर मी काय नुसतं तोंड बघू?"

पण पहिल्याच वर्गात एक व्याख्यान खरंच त्यांच्या कामाचं निघालं. एक वयस्कर बाई सांगत होत्या, की कवळी घाईने शिजवली तर आत कच्चं रसायन राहतं आणि हिरड्यांची आग होते. पाणी सावकाश तापवा, आणि पातेलं आपोआप थंड होईपर्यंत साचा उघडू नका. मास्तरांचं पेन थांबलं. मी शेजारी होते म्हणून बघितलं, त्यांचा चेहरा पार उतरला होता. पुढच्या मंगळवारी ते जुनी नोंदवही घेऊन आले आणि तीन नावांवर बोट ठेवून म्हणाले, "ही तीन कामं मी लगीनसराईत घाईत उतरवलेली. ह्यांना बोलवा." त्यातल्या एकाच्या तोंडाची आग मी सहा महिने जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन विझवत होते! तिघांनाही मास्तरांनी नव्या कवळ्या करून दिल्या. वर आणि माफी मागितली. एकाला तर कळेचना, हा माणूस फुकट दात देतोय आणि हात का जोडतोय.

तर शिकावं कसं, ह्याचं एवढं चांगलं उदाहरण त्या सभागृहात दुसरं नव्हतं. आणि पाच वर्षांत त्यांच्या हाती एकही प्रमाणपत्र लागलं नाही.

कारण अगदी साधं होतं. मास्तरांचं घर मुरबाडात नव्हतं, तिथून आत, म्हसा गावाच्या बाजूला एका खेड्यात होतं. तिथे जायला मुरबाडहून संध्याकाळी पावणेआठची मुक्कामाची गाडी. ती गावात जाऊन रात्रभर थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे आणि पहाटे तीच परत यायची. ती चुकली की संपलं. दादरहून ती गाठायची तर चार-वीसला उठायलाच हवं. आणि प्रमाणपत्रं मिळायची साडेपाचला, शेवटचं व्याख्यान, आभारप्रदर्शन वगैरे झाल्यावर, ज्याची त्याला हातात. दुसऱ्याचं नेऊ देत नसत. सकाळी येताना वहीत सही असायची, पण सहीवर कुणाचा भरवसा राहिला नव्हता.

मी किती वेळा डोकं फोडलं असेल! "मास्तर, एक रात्र कल्याणला काढा. माझ्या मावशीकडे सोय करते." "नको." "मग एखाद्या दिवशी जीप करा मुरबाडहून." "नको." शेवटी एकदा चिडून विचारलं, की घरी असं काय अडलंय? तेव्हा म्हणाले, "आमच्या मंडळीला दिसत नाय बाई आता. साखरेनं डोळे गेले. मी जाऊन ताट पुढ्यात घेतल्याबिगर जेवत नाय ती." "शेजारणीला सांगा ना एक दिवस!" "सांगितलं होतं. ती शेजारणीला म्हणाली, जेवले. आणि तशीच बसली." एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला. ह्या नवराबायकोच्या हट्टापुढे माझं काही चालेना. आणि कागदाचा विषय काढला, की ठरलेलं उत्तर तयार: "मी शिकाया जातो बाई, कागद आणाया नाय. वही हाय ना माझी. दाखवीन वही."

वही दाखवीन! मी कपाळावर हात मारून घ्यायची.

आता माझं सांगते. प्रमाणपत्र शेवटी आणि हातातच का देत होते? कारण डॉक्टर मंडळी सकाळी सही ठोकून पसार व्हायची. त्या पसार होणाऱ्यांत मी होते. नियम कडक झाल्यावर आम्ही एवढंच केलं, की साडेपाचला परत यायला लागलो. जेवण झालं की मी आणि माझी एक मैत्रीण बाहेर पडायचो. दादरला दुकानं काय कमी आहेत? साड्या, चपला, मुलांची पुस्तकं, सगळं आटोपून सव्वापाचला दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मागच्या दाराने आत. आभार चाललेले असायचे. टाळ्या वाजवायच्या, रांगेत उभं राहायचं, प्रमाणपत्र घ्यायचं. माझी फाइल गच्च भरली होती. चार-वीसला मास्तर वही मिटून वाकून, कुणाला त्रास होणार नाही असे निघून जायचे, तेव्हा मी तिथे नसायचीच. मी मागच्या रांगेत असेन अशी त्यांची समजूत होती.

आणि मंगळवारी शहापूरला आले, की डबा टेबलावर ठेवायच्या आधी विचारायचे, "मी निघाल्यावर काय सांगितलं, बाई?"

पहिल्या वेळी मी गडबडले. मग म्हटलं, "विशेष काही नाही मास्तर. आभारबिभार." ते मान डोलवायचे. नंतर नंतर माझ्या तोंडून ते वाक्य न अडखळता यायला लागलं. त्यांची नजर माझ्या ओठांवरच असायची, तरी त्या ओठांतून खोटं येतंय हे काही त्यांना दिसलं नाही. दातांतली केसाएवढी फट ओळखणारा माणूस!

पाच वर्षं भरली. नोंदणी नवी करायला मी त्यांच्याबरोबर मुंबईच्या ऑफिसात गेले. ते नको म्हणत होते, पण मला माहीत होतं की हे तिथे वही काढणार. तसंच झालं. त्यांनी पिशवीतून पंच्यात बांधलेल्या सात वह्या काढल्या आणि टेबलावर एकावर एक रचल्या. टेबलामागचा कारकून चांगला माणूस होता, हे सांगितलंच पाहिजे. त्याने दोनतीन पानं उलटली. अक्षर बघून म्हणाला, "सुंदर! पण काका, वह्या नाही चालत. प्रमाणपत्रं कुठायत?"

"ती नाय घेतली. मी हजर होतो. तुमच्याकडं माझी सही असंल दर वेळची."

"सही येण्याची आहे. थांबल्याची कुठाय?"

"मंग विचारा मला," मास्तर म्हणाले. त्यांनी एक वही त्याच्याकडे सरकवली. "कुठलंबी पान काढा. कुठलंबी विचारा."

कारकून हसला. वाईट नाही हसला, ओशाळून हसला. "काका, मला काय कळतंय यातलं? मी कॉमर्सचा." आणि मग त्याने ते वाक्य उच्चारलं. "पण तुम्ही अर्ज का नाही दिलात? लांबून येणाऱ्यांसाठी सोय केली होती ना. मधल्या सुट्टीत साधा अर्ज द्यायचा, अध्यक्ष सही करायचे, प्रमाणपत्र पोस्टाने घरी. बऱ्याच जणांनी दिले. सुरुवातीलाच, दादरच्या दुसऱ्या वर्गात जाहीर केलं होतं. शेवटच्या तासाला."

लवकर जाणाऱ्यांसाठीची सूचना शेवटच्या तासाला! ज्या कुणाच्या डोक्यातून हे निघालं त्याला माझं सांगणं आहे... जाऊ दे. त्याला सांगून काय होणार? सूचना ऐकायला मी होते ना तिथे. माझं प्रमाणपत्र सांगतं, की होते.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या ओठांकडे न बघता डोळ्यांत बघत होते. मला खाली बघावं लागलं. मग ते कारकुनाला म्हणाले, "सांगितलं असंल. माझ्याच कानावरनं गेलं असंल." आणि वह्या परत पंच्यात बांधायला लागले.

कारकून म्हणाला, नाव कमी होईल, पण पुन्हा तासांची भरती केली तर परत चढवता येईल. मास्तरांनी ऐकून घेतलं.

कल्याण स्टँडावर मुरबाडच्या गाडीची वाट बघताना मी सगळं कबूल केलं. साड्या, चपला, मागचं दार, सगळं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. शेजारच्या बाकावरची माणसं बघत होती. मास्तर गाडी लागायच्या जागेकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "त्या दुसऱ्या टायमाला काय घेतलंत?"

"साडी. निळी."

"चांगली निघाली का?"

"नाही. पहिल्याच धुण्यात रंग गेला."

"हं," म्हणाले, आणि गाडीत चढले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबची पाटी उतरवली. मी धावत मुरबाडला गेले. म्हटलं, मास्तर, तालुक्याच्या गावात कोण तपासायला येतंय? कसलीच नोंदणी नसलेले कितीतरी जण बाजारात बसून कवळ्या करतात. तुम्ही तर शिकलेले! वर्षभरात तास भरून काढू, आता अर्जाचं माहीत आहे, मी स्वतः प्रत्येक वेळी तुमच्याबरोबर बसते. ते भिंतीवरची फ्रेम पुसत होते. "कायदा हाय बाई. हे होतं म्हणून मी मेकॅनिक. हे नाय तर मी मेण वळणारा म्हातारा." "पण परत मिळेल ना!" "आता ह्या वयात परत पहिलीत बसू? आणि तिला आता रविवारीबी एकटी ठेववत नाय." मी ओरडले त्यांच्यावर. अक्षरशः ओरडले. असला हट्ट कुणाच्या कामाचा, असं काहीबाही बोलले. भांड्यांच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. मास्तरांनी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळली.

त्या वेळी एक काम अर्धवट होतं. डोळखांबकडच्या एका पाड्यावरची बुधीआजी. जंगलातली वाट उतरून, मग जीपने, अशी चार खेपा घालून ती ट्रायलपर्यंत आली होती. मास्तरांनी मेणातले दात डब्यात घालून माझ्याकडे आणून दिले आणि म्हणाले, कल्याणला द्या. कल्याणच्या लॅबने आठ दिवसांत कवळी पाठवली. दिसायला झकास. आजीने ती घातली, नातीला हाक मारली, "सखे!" आणि दवाखानाभर शिट्टी वाजली. नात हसली. आजीने कवळी काढून पदराच्या गाठीला बांधली. "ऱ्हाऊ दे गो बाय. मना नाय जमायचं."

मी तिला बसवून ठेवलं आणि शेजारच्या दुकानातून मुरबाडला फोन लावला, भांडीवाल्याकडे; मास्तर पाठची खोली आवरायला अजून तिथे येत होते. म्हटलं, मास्तरांना सांगा, आजी बसलीय.

ते दुपारच्या गाडीने आले. हात मागे बांधून आजीच्या समोर उभे राहिले. "आजे, मार हाक." "सखे!" "अजून." "सखे!" मग मला म्हणाले, "मी हात लावणार नाय. तुमी डॉक्टर, तुमी घासा. वरचे मधले दोन, आतल्या अंगानं. तांदळाच्या कण्येवडं. जास्ती नको." मी घासलं. "हाक." शिट्टी. "अजून जरा. डावा. डावा म्हणजे तिचा डावा, बाई!" तासभर हे चाललं. मला घाम फुटला होता. कॉलेजात परीक्षकांसमोर एवढी घाबरले नव्हते. शेवटी आजीने हाक मारली आणि शिट्टी वाजली नाही. सखी दारातून आत आली आणि म्हणाली, "काय गो आये?" मास्तरांनी पिशवीतून भाकरी काढली. म्हणजे त्यांना येतानाच खात्री होती.

त्यानंतर दोन वर्षं ते मंगळवारी येत राहिले. पाहुणा म्हणून. स्टुलावर बसायचे, हात मांडीखाली दाबून धरायचे, आणि मी काय करते ते बघत सांगायचे. मला वाटायचं, आता कधीतरी ते मला माफ केलं म्हणून सांगतील. नाही सांगितलं. रागावलेही नाहीत. फक्त घासा, थांबा, हाक मारायला सांगा. कवळीतलं जे काही मला आज येतं ते मी त्या दोन वर्षांत शिकले, आणि त्याचं माझ्याकडे एकही प्रमाणपत्र नाही.

मास्तरांच्या मंडळी, आमच्या काकू, गेल्या, आणि पुढे चारपाच महिन्यांत मास्तर गेले. मला तिसऱ्या दिवशी कळलं. महिन्याभराने त्यांची बदलापूरला दिलेली मुलगी दवाखान्यात आली. तिच्या हातात पंच्यात बांधलेल्या त्या सात वह्या. "बाबा म्हणाले होते, बाईंना द्या. त्यांना लागतील."

पेशंट संपल्यावर मी दार लोटून त्या उघडल्या. एकेका वर्गाची दहा-बारा पानं. तारीख, विषय, शिकवणाऱ्याचं नाव, आकृत्या, आणि शेवटच्या पानावर दर वेळी एकच ओळ: "४.२० ला निघालो. पुढचं बाईंकडून." खाली पान रिकामं सोडलेलं. आणि त्या रिकाम्या जागेच्या वरच्या कडेला, मंगळवारी लिहिलेली असणार, दुसरी ओळ: "बाई म्हणाल्या, विशेष काही नाही." उरलेली जागा तशीच. कधीतरी मला आठवलं तर लिहून घेता यावं म्हणून त्यांनी ती सोडली असावी. वर्गामागून वर्ग, वहीमागून वही, हेच. मी आता दर वर्गाला शेवटपर्यंत बसते, टाचण काढते, आभारसुद्धा ऐकते. पण ह्या पानांवर भरायला माझ्याकडे काही नाही. त्या दुपारी तिथे काय सांगितलं ते मला कधीच कळणार नाही.

एकच पान भरलेलं आहे. दादरच्या दुसऱ्या वर्गाचं. "बाई म्हणाल्या, विशेष काही नाही" ह्या ओळीखाली, वेगळ्या शाईत, ऑफिसातून आल्यावर कधीतरी त्यांनी त्याच वळणदार अक्षरात लिहिलंय: "लवकर जाणाऱ्यांनी मधल्या सुट्टीत अर्ज द्यावा. अध्यक्षांची सही घ्यावी. प्रमाणपत्र पोस्टाने येईल."

माझी ओळ त्यांनी खोडलेली नाही.